भोंग्याशिवाय हगामा

आमच्या जत्रेतला हगामा यंदा मोबाईलवर गेला आणि पहिल्याच दिवशी मी जो घोळ घातला, तो वर्गणी भरलेल्या माणसांनी पाहिला. फुकट्यांच्या वाट्याला आला नाही, एवढंच समाधान.

हगामा म्हणजे जत्रेतलं कुस्त्यांचं मैदान. मिरजगाव सोडून हमरस्त्यावरून आत वळलं की आमचं गाव. तिथं मी वर्षानुवर्षं माईकवर बोललो. शाळेत पोरं ऐकायची नाहीत, ती हौस भोंग्यावर भागवली. एकदा कुस्ती रंगात असतानाच खाली पडलेल्या पैलवानाला विजयी ठरवून त्याच्या वस्तादाचं, आईबापाचं, म्हशीच्या दुधाचंसुद्धा कौतुक करून मोकळा झालो. पंचांनी माझ्याकडं बघून नुसते हात जोडले.

भोंग्याचं एक तोंड माझ्या घराकडं असायचं. बायका मैदानात येत नसत. आमची ही गच्चीवर मिरच्या वाळवत ऐकायची. कधी कधी दोन पैलवान एकमेकांची मनगटं धरून नुसतेच उभे राहतात. बोलणाऱ्याजवळचे शब्द संपतात. मग मी घरी निरोप सोडायचो, "गच्चीवरच्या मंडळींना विनंती, दोघं पैलवान जेवायला येत आहेत." परगावच्या पैलवानाला घरी जेवायला न्यायची आमच्याकडं रीत. गच्चीच्या कठड्यावर हिरवी चादर पडली तर मटण, लाल पडली तर पिठलं. लाल पडली की सारं मैदान माझ्याकडं बघून हसायचं. घरी गेलो की ती दारातच धरायची, "निरोप मला देता का गावाला? दोघं म्हनला हुता. हे आठजन कोन?"

ती गेली आणि मी माईक सोडला. विचारणाऱ्यांना घशाचं कारण दिलं. खरं म्हणजे, रिकाम्या गच्चीकडं तोंड करून बोलायची छाती नव्हती.

यंदा जत्रेच्या आधी माझा एक जुना विद्यार्थी पुण्याहून आला. आता चांगला पोट सुटलेला गृहस्थ.

"गुरुजी, कुस्त्यांचं ॲप काढलंय. वर्गणी भरायची, घरबसल्या लाईव्ह कुस्ती बघायची. सुरुवात आपल्या हगाम्यानं. आवाज तुमचाच पायजे."

"घसा बसलाय रे."

"वर्गात तर कधी बसला न्हाई. आन् एक सांगतो, भोंगा लावायचा न्हाई. भोंग्यावर फुकट ऐकू आलं तर वर्गणी कोन भरन?"

भोंगा नाही म्हटल्यावर मी लगेच हो म्हणालो. आपण गुरुजींना पटवलं, असं त्याला वाटलं. मला वाटलं, आता आपण गच्चीच्या तावडीतून सुटलो.

जत्रेच्या दिवशी सरपंचांनी कॅमेऱ्यासमोर नारळ फोडला, कॅमेऱ्याला कुंकू लावलं आणि झेंडूचा हार घातला. पहिली कुस्ती वर्गणीदारांनी झेंडूतूनच पाहिली. मी शाळेच्या एका वर्गात, कानांवर हेडफोन, पुढ्यात टीव्ही. मैदान भिंतीपलीकडं, पण मला दिसायचं ते पडद्यावर. खिडकी भलतीकडं, बाभळीकडं उघडणारी. गावातले दोन म्हातारे खिडकीशी आले.

"ओ गुरुजी, मुके झाले का? मैदानात नुसती हलगी वाजतीय."

"वर्गणी भरा, मग ऐका."

"तुमचं बोलनं ऐकायला वर्गणी? आमी तर तुमी गप बसावं म्हनून दिली आसती."

ते गेले आणि मी पुन्हा एकटाच. तीनशे पोरांच्या शाळेत रविवारी चुकून गेल्यासारखं वाटत होतं. तरी बोलत राहिलो. ढाक, घिस्सा, धोबीपछाड, सगळे डाव नीट सांगितले. विजयी पैलवानही बरोबर ठरवले. शेवटची मानाची कुस्ती लागली. दोघंही सोलापूरकडचे, तोडीस तोड. मनगटं धरली आणि उभे राहिले. राहिलेच. हलगी घुमत होती. मी त्यांचे वस्ताद सांगितले, तालमी सांगितल्या, आमच्या गावाचा इतिहास सांगितला. सगळं संपलं. आणि त्या संपलेल्या जागेत माझं तोंड आपोआप बोलून गेलं, "गच्चीवरच्या मंडळींना विनंती, दोघं पैलवान जेवायला येत आहेत."

बोललो आणि पडद्यावर गच्ची शोधायला लागलो. पडद्यावर तांबडी माती होती आणि दोन उघड्या पाठी.

टीव्हीच्या कडेला वर्गणीदारांचे शेरे धावत होते. "वहिनी, आमच्या पन दोन भाकरी टाका." "मटण हाय का?" हसणारी तोंडं, रांगेनं. कुणीतरी नुसतं "गुरुजी" एवढंच लिहिलं होतं, पुढं काही नाही. तो आमच्या गावचा असावा.

कुस्ती बरोबरीत सुटली. विद्यार्थी वर्गात आला, हेडफोन माझ्या कानांवरून त्यानंच काढले.

"गुरुजी, रेकॉर्डिंग ॲपवर राहनार हाय. तेवढं वाक्य काढू का?"

"काढ की. म्हातारं चळलं म्हणतील."

"तसं न्हाई ओ."

"काढ म्हणतो ना."

बाहेर आलो तर दोघं पैलवान जीपमध्ये बसत होते. भोंगा नसल्यानं त्यांना निरोप कळायचं काही कारणच नव्हतं. मी हात केला, त्यांनीही केला. जीप गेली.

घरी येऊन परातीत ज्वारीचं पीठ घेतलं. पाणी जास्त झालं म्हणून पीठ वाढवलं, मग पुन्हा पाणी. तो खटाटोप चालू असताना एक विचार डोक्यात आला आणि पिठाच्या हातानंच फोन लावला.

"काढलंस का रे ते वाक्य?"

"तवाच काढलं गुरुजी. जोडच दिसत न्हाई. इकडून हलगी, तिकडून हलगी, मधी तुमी न्हाईच."

"मूळ कुठं ठेवलंय का?"

"न्हाई ओ, लई जागा खातं ते. का?"

"काही नाही. बरं केलंस." मग उगाच म्हणालो, "जेवायला येतोस का?"

"गुरुजी, सामान भरून निघालो बी. टेम्पोत हाय. पुढच्या येळी नक्की."

त्याच्या मागं टेम्पोचा हॉर्न वाजला. फोनला सगळीकडं पीठ लागलं होतं. तो तसाच खिडकीत ठेवला आणि पहिली भाकरी थापायला घेतली. ती कडेनं फाटली.