रपट्यावरचा डिप्पर

राळेगावात आमच्या ले-आउटमधून, म्हणजे नव्या प्लॉटांच्या वस्तीतून, मेन रोडला यायचं तर नाल्यावरचा रपटा ओलांडावा लागतो. ठेंगणा, बिनकठड्याचा, एका वेळी एकच गाडी जाईल एवढा. सकाळी मी सायकलवर शाळेत शिकवायला निघतो, आणि नेमके तेव्हाच कृषी केंद्रवाले भाऊ कार घेऊन समोरून येतात. दूध घेऊन. डेअरी त्यांच्या घरापासून चारशे पावलांवर आहे, मी मोजली आहेत. अर्ध्या लिटरची पिशवी पुढच्या सीटवर बसून येते.

तर हे भाऊ रोज पलीकडच्या टोकाला थांबून मला डिप्पर मारायचे. हेडलाइट दोनदा चमकवायचे. आमच्याकडे याचा अर्थ एकच होतो: मी येऊन राह्यलो, तू हट. ट्रकवाल्यापासून ट्रॅव्हल्सवाल्यापर्यंत सगळ्यांची हीच भाषा.

मी हटायचो नाही. त्यांचं आणि आमचं मूळ गाव एक. तिथे त्यांच्या आजोबांच्या ओट्यासमोर माझे बाबा सायकलवरून उतरायचे, हँडल धरून पायी चालायचे आणि ओटा संपला की पुन्हा टांग मारायचे. आमच्या बौद्ध वस्तीतला प्रत्येक जण उतरायचा. कोणी सांगत नसे. सांगायची गरजच नव्हती. मी आमच्या घरातला पहिला पदवीधर, बी.ए., बी.एड. नोकरी लागली, गाडी घ्यायची ऐपत आली, तरी सायकल सोडली नाही. आणि कोणाच्या गाडीसाठी उतरायचं नाही, हेही तेव्हाच ठरवून टाकलं.

म्हणून डिप्पर दिसला की मी रपट्याच्या मधोमध सायकल घालायचो. जोरात. पण गंमत अशी की दिवे चमकवूनही कार पुढे यायची नाही. मी जवळून जाताना भाऊ वर हातही करायचे. ते मला जास्तच खटकायचं. निवडणूक तर नव्हती, मग हात कशाला?

एक दिवस मी अलीकडच्या टोकालाच थांबलो. एक पाय जमिनीवर, बूड सीटवर. त्यांनी डिप्पर मारला. मी हललो नाही. पुन्हा मारला. त्यांच्या मागे ऑटो येऊन उभा राहिला.

"ओ मास्तर, या ना लवकर!" ऑटोवाला ओरडला. "फोटो काढून राह्यले का रपट्याचा?"

मी रपटा ओलांडला आणि थेट कारच्या काचेशी थांबलो.

"भाऊ, काहून रोज लाइट मारता माझ्यावर?"

"तुमच्यावर? अरे बाप्पा! सर, मी तं तुमाले 'या' म्हनतो. पुन्याले भाच्यापाशी गाडी शिकलो ना मी. थो म्हने, आपन डिप्पर दिला का समोरच्यानं आधी निघायचं."

"इथं उलटं असते."

"म्हूनच तुमी इतक्या रागानं पायडल मारत होते व्हय!"

ऑटोवाला खदखदून हसला. मी नाही हसलो. म्हटलं, "आणि दुधाले कार कायले लागते?"

भाऊंनी आवाज खाली केला. "दोन दिवस दारात उभी राह्यली का लोक विचारतेत, विकाले काढली का? चालवाच लागते." मग जाता जाता म्हणाले, "पोरगी तुमच्याच वर्गात आहे, सर. लक्ष ठेवजा."

तिथे सगळं नासलं. पोरगी दहावीत होती, आणि तोंडी परीक्षेचे गुण माझ्या हातात. मग रपट्यावरचा मान कोणाला होता, मला की त्या गुणांना? वर्षभर हा प्रश्न डोक्यातून गेला नाही. मुलीला जेवढे पडायचे तेवढेच गुण दिले. रागात कमी तर पडले नाहीत ना, म्हणून पुन्हा एकदा तपासलेही.

ती पास झाली आणि यवतमाळला शिकायला गेली. आता भाऊंना माझ्याकडून काही नको होतं. त्यामुळे जूनमध्ये शाळा उघडली त्या दिवशी मी मुद्दाम वेळेवर रपट्याशी पोचलो. नोकरीच्या मुलाखतीलाही मी एवढी वेळ पाळली नव्हती.

कार आली. पलीकडे थांबली. डिप्पर, दोनदा.

मला बरं वाटलं, ते नाकारत नाही. पण लगेच वाटलं, धाकटं पोरगं शाळेत यायचं आहे का यांचं? मग मलाच माझी लाज वाटली. मी अलीकडेच थांबलो आणि हात करून म्हटलं, आज तुम्ही या.

कार हलली नाही. भाऊंनी काचेतून डोकं बाहेर काढलं.

"काहून सर? काही काम होतं का माह्याकडं?"

"काही नाही. या तुम्ही."

"मंग आज असं काहून?"

मी पुन्हा नुसता हात केला. कार अगदी हळू रपट्यावर आली. माझ्या बाजूने निघून जाईपर्यंत भाऊ माझ्याच तोंडाकडे पाहत होते, आता मी काय मागतो म्हणून.