कोऱ्या पानांची प्रत

शैलाताई गेल्याचा फोन त्यांच्या भाचीचा, मीराचा, आला तेव्हा मी मेथी निवडत होतो. "सर, मावशी गेली… सकाळीच," एवढंच ती म्हणाली. मी "अरेरे" म्हणालो आणि, का कोण जाणे, मेथी निवडतच राहिलो. त्याला आता दीड महिना झाला. आज लिहायला बसलोय ते त्यांचे गुण गायला कमी आणि माझी चूक कबूल करायला जास्त.

कसबा पेठेत, तांब्याची भांडी ठोकणाऱ्यांच्या गल्लीत, पहिल्या मजल्यावर त्यांच्या घरची प्रकाशन संस्था. वडील, म्हणजे अण्णा, शाळेची गाईडं छापत. मी तेव्हा नवखा मास्तर. कथांची वही घेऊन गेलो, तर अण्णांनी ती उघडलीही नाही. "गोष्टीबिष्टी आम्ही छापत नाही. जिना जपून उतरा." मी खाली पोचतोय तोच मागून पंचविशीतली एक मुलगी धावत आली. "वही देऊन जा. अण्णांचं मी बघते." त्यावरून बापलेकीचं वर्षभर वाजत होतं म्हणे, पण पुस्तक निघालं. पुढे अण्णांनी अंथरूण धरलं आणि सगळा कारभार त्या मुलीवर, शैलाताईंवर, आला. गाईडं हळूहळू कमी झाली. कथा, कविता, आठवणींची पुस्तकं वाढली. माझ्यासारख्या कितीतरी नवख्यांना त्यांनी लिहितं केलं. दुकानदार फोनवर "मालकांना द्या" म्हणत, तेव्हा त्यांचं उत्तर ठरलेलं असे, "मालकच बोलतेय. आपलं काय काम होतं?"

त्यांचा एक नियम होता. छापून गेलेल्या पुस्तकातला शब्द लेखकाने बदलायचा, प्रकाशकाने नाही. नवी आवृत्ती काढायच्या आधी त्या लेखकाकडे एक खास प्रत पाठवत. तिच्यात प्रत्येक छापील पानासमोर एक कोरं पान बांधलेलं असे. दुरुस्त्या तिथे करायच्या. मग चार दिवसांनी फोन, "काही बदलायचंय का?"

माझ्या आठवणींच्या पुस्तकात या संस्थेवर एक प्रकरण आहे. ते लिहिलं तेव्हा अण्णा नुकतेच गेले होते. मी लिहून गेलो, 'अण्णांनी नव्या लेखकांना दार उघडून दिलं. पुढे त्यांच्या मुलीने ते निगुतीने सांभाळलं.' जिन्यावरची गोष्ट गाळली. गेलेल्या माणसाबद्दल चांगलंच लिहावं, अशी मी स्वतःची समजूत घातली. खरं तर वाक्य झोकदार झालं होतं आणि मला ते मोडवेना. शैलाताईंनी मुद्रितं स्वतः तपासली आणि ते वाक्य तसंच जाऊ दिलं.

त्यानंतर तीनदा कोऱ्या पानांची प्रत आली. पहिल्या दोन वेळा मी ती न उघडताच "आहे तसंच छापा" म्हणून मोकळा झालो. तिसरी गेल्या उन्हाळ्यात आली. फोनवर त्यांचा आवाज थकलेला होता.

"एकदा उघडून तरी बघा, सर."

"अहो ताई, माझंच पुस्तक. पाठ आहे मला."

त्यांच्या मागून खालच्या गल्लीतली ठोकाठोक ऐकू येत होती. मग म्हणाल्या, "बरं. राहू दे प्रत तुमच्याकडे. घाई नाही."

गेल्या आठवड्यात मीराने विचारलं, "सर, तुमचं पुस्तक छपाईला पाठवू का? तुमची प्रत येईपर्यंत थांब, असं मावशी सांगून गेलीय." तेव्हा कुठे मी ती प्रत उघडली. आत लाल कागदाची एक बारीक पट्टी होती, त्याच प्रकरणात, त्याच पानाशी. समोरच्या कोऱ्या पानावर त्यांनी एक अक्षरही लिहिलेलं नव्हतं. मी उठून कपाटातल्या आधीच्या दोन प्रती काढल्या. त्यांतही लाल पट्टी होती. तेच पान.

मला लाज वाटली. ज्या बाईने मला लेखक केलं, तिचं श्रेय मी एका झोकदार वाक्यापायी दुसऱ्याला देऊन टाकलं होतं, आणि ती मात्र इतकी वर्षं नियम पाळून मला विचारत राहिली.

मी पेन्सिल घेऊन लिहिलं, 'अण्णांनी मला परत पाठवलं होतं. जिन्यावरून धावत येऊन माझी वही घेतली ती शैलाताईंनी. हे दार त्यांनी उघडलं.' लिहायला दोन मिनिटंही लागली नाहीत. ते कळवायला सवयीने फोन उचलला, आणि खाली ठेवला.

ती प्रत मीरा घेऊन गेली. आधीच्या दोन माझ्या टेबलावर आहेत. त्यांतली ती पानं कोरीच आहेत.