'रद्दड'चे संपादक

चांगला सिनेमा पाहून ज्याचं डोकं दुखतं असा माणूस अवघ्या मुळशी तालुक्यात एकच, आणि नेमका तोच माझा घरमालक आहे. नांद्यात खोली दाखवताना एजंटनं पाणी, पार्किंग, हिंजवडीचं अंतर सगळं सांगितलं. मालक 'रद्दड' नावाचं मासिक काढतात, हे तेवढं गिळलं. भुतांचे, नागिणींचे, रबरी राक्षसांचे जे पिक्चर काढणाऱ्यांनीसुद्धा पुन्हा पाहिले नसतील, त्यांना वाहिलेलं हे मासिक. मासिक म्हणायचं आपलं. निघायचं मालकांच्या लहरीनं. लेखक, संपादक, वितरक सगळं तेच. मी भाडेकरू, म्हणून आपोआप टंकलेखक. मालक ओट्यावर मांडी ठोकून सांगायचे आणि मी लॅपटॉप बडवायचो. "लिवा, भुताच्या मनगटाला घड्याळ हाय, पर टाइम बरोबर हाय. चांगलं त्ये चांगलं म्हनायचं!"

परीक्षणाचे त्यांचे कायदे कडक. माईकची सावली दिसली की एक चांदणी जास्त. राक्षसाच्या पाठीवरची चेन दिसली, तर थेट विशेषांक. आणि पिक्चर बघून खरोखर भीती वाटली तर तो बाद. "भ्या वाटाया आपली भावकी काय कमी हाय?"

छपाई व्हायची चांद्याच्या वाटेवरच्या एका लग्नपत्रिकावाल्याकडे. त्याचा हात पत्रिकेलाच बसलेला. 'सुसर विशेषांक' हातात आला तेव्हा मुखपृष्ठावर गणपती, दोन बाजूंना केळीचे खांब, मध्ये जबडा वासलेली सुसर आणि खाली 'कृपया आहेर आणू नये'! मी कपाळावर हात मारला. मालक मात्र खूश. "लोकं फाडनार तरी न्हाईत, गनपती हाय." वाटपही मग रीतसर सुरू झालं: इस्त्रीची टोपी, हळदकुंकवाचं बोट, घरोघर चक्कर. सूसच्या एका सोसायटीत एका गृहस्थांनी अंक हातात घेऊन अदबीनं विचारलं, "नवरी कुठली?" मालक शांतपणे म्हणाले, "तळ्यातली."

शेवटच्या पानावर तर चक्क निमंत्रकांची नावं. गाव तेवढंच पान वाचायचं, आणि नाव खाली गेलं म्हणून रुसायचंही. सर्वांत वर नाव मात्र कायम एकच, मालकांच्या थोरल्या चुलतभावाचं. जत्रेतल्या तंबूत हे सगळे पिक्चर दोघांनी एका घोंगडीवर बसून पाहिलेले. पुढे जमिनीचे प्लॉट पडले, बांधावरून वाजलं, आणि बोलणं बंद झालं ते झालंच. पण बोलणं बंद असलं तरी पत्रिकेवर थोरल्याचं नाव पहिलं, हा गावचा रिवाज. मालकांनी तो 'रद्दड'लाही लावला.

आणखी एक गोष्ट मला उशिरा कळली. सुसरीचा अंक लिहून घेताना, ती शेवटी विहिरीत बुडून मरते, असं त्यांनी सांगितलं. आदल्याच दिवशी ते म्हणाले होते की ती विजेच्या डांबाला चिकटून मरते. मी दुरुस्ती केली, तर मालक खेकसले, "ऱ्हाऊ द्या त्ये! परत्येक अंकात एक चूक मुद्दाम घालतुया मी. दादाला पिक्चरातली चूक खपत न्हाई. कवातरी भांडाया तरी येईल." मी विहीर पुन्हा टाइप केली. एवढा सगळा खटाटोप एका माणसानं दारात यावं म्हणून होता.

आणि खरंच, एका दुपारी थोरले आले. अंगणात उभे, पायात चप्पल तशीच, हातात गुंडाळलेला अंक. "येड्या, सुसर हिरीत मेली व्हय? डांबाला चिकटली न्हवं!"

मालकांचे डोळे भरून आले होते, पण माघार? छे! "हिरीतच मेली, दादा. तू झोपला हुतास."

"मी झोपलो हुतो? मी?" थोरले चप्पल काढून तरातरा ओट्यावर चढले. मालकीणकाकूंनी न विचारता दोन कप चहा टाकला. दिवस मावळेपर्यंत सुसर काही मरेना. जाताना थोरले बजावून गेले, "उद्या येतुया. आजून पटलं न्हाई तुला."

तेव्हापासून ते रोज येतात. बांधाचा विषय दोघंही काढत नाहीत. नागिणी आणि भुतंच पुरतात. 'रद्दड' मात्र त्यानंतर निघालेलं नाही. एका रविवारी मी लॅपटॉप घेऊन खाली गेलो आणि विचारलं, "मालक, पुढचा अंक कधी?"

मालकांनी थोरल्यांकडे पाहिलं आणि हसले. "आता कुनासाठी काढू, सायेब?"

मला आनंद झाला, अगदी मनापासून झाला. पण वर खोलीत येऊन बसलो, तर दिवसभर कसं चुकल्याचुकल्यासारखं वाटत राहिलं.