अप्पांच्या रायफलीची घरची काडतुसं

मंडळी, आज सकाळी भावाबरोबर जाऊन अप्पांची जुनी शिकारी रायफल पोलीस ठाण्यात जमा केली. साहेबांनी नळीत डोकावून विचारलं, “हिची काडतुसं कुठं मिळायची?”

“घरीच. अप्पा आणि अम्मा मिळून भरायचे,” मी म्हटलं. ते हसले. त्यांना थट्टा वाटली.

पन्नासच्या दशकात आम्ही कुंभकोणमला मेलकावेरीत राहायचो. तिरुप्पनंदाळजवळच्या आमच्या भातात रानडुकरं शिरायची. रायफल आजोबांच्या काळातली, काळ्या दारूवर चालणारी. एकदा काका मद्रासहून त्याच मापाची नवी काडतुसं घेऊन आले. नव्या दारूचा जोर दांडगा. अप्पा हरखले, पण अम्मानं डबाच उचलून घेतला.

“अय्यो, नको! नळी जुनी जाहली. फुटली तर?”

“आणि डुकरांनी भात खाल्ला तर?”

“भात पुढल्या वर्षी पुन्हा येईल. तुम्हाला मी कुठून आणू?”

अप्पांनी त्या डब्याचा नाद सोडला. दुपारी दोघं चुलीपासून लांब, मागच्या ओट्यावर बसली. जुन्या काडतुसांच्या जपून ठेवलेल्या पितळी पुंगळ्यांत अप्पांनी काळी दारू तोलून घातली, अम्मानं वर शिशाच्या गोळ्या बसवल्या.

दुसऱ्या दिवशी पहाटे अप्पा शेतावर गेले. बार नीट उडाला, पण डुक्कर निसटलं. त्या साली भातही बराच गेला.

अप्पा घरी आले तेव्हा अम्मानं डुकराचं काही विचारलंच नाही. आम्हा मुलांच्या देखत, पहिल्यांदाच, तिनं त्यांचा चेहरा दोन्ही हातांत धरला.

तुमच्या घरी कुणी कुणाला असं जपलेलं तुम्ही पाहिलंय का?