साफीचं झाकण

डब्लिनच्या विमानतळावर तपासणीच्या पट्ट्यावरून माझी पिशवी पुढे सरकली आणि थांबली. गणवेशातल्या बाईनं आतली इंदुरी साडी उलगडली. तिच्यातून निळ्या नक्षीचं एक पसरट, जाड मातीचं भांडं निघालं. बाईनं भांडं पाहिलं, तिकीट पाहिलं, मग मला पाहिलं.

"मोरोक्कोला जाताना मोरोक्कोचंच भांडं नेताय?"

"त्याचं झाकण फुटलंय. आजीला नवीन शोधायचंय," माझ्या तेरा वर्षांच्या नातीनं, मीरानं, तिच्या पक्क्या आयरिश इंग्रजीत सांगितलं.

"ग्रँड," असं म्हणून बाईनं साडीची घडी माझ्यापेक्षा नीट घालून दिली. (इथं 'ग्रँड'चा भव्यतेशी संबंध नाही. 'बरं, चालेल' एवढंच.)

आता ही उलटी गंगा कशासाठी, ते सांगते. आमचे हे बोटीवर इंजिनियर होते. पस्तीस वर्षांपूर्वी त्यांची बोट साफी नावाच्या मोरोक्कोच्या बंदरात खताची खनिजं भरायला गेली. तिथून पत्र आलं, 'तुझ्यासाठी खास वस्तू आणतोय.' झालं! मी रत्नागिरीत आमच्या आळीभर सांगत सुटले. कुणाला टू-इन-वन म्हणाले, कुणाला सोन्याच्या बांगड्या. हे आले आणि पेटीतून काढलं काय, तर ताजीन (पसरट मातीचं भांडं आणि त्यावर शंकूसारखं उंच झाकण). शेजारची म्हणाली, "माती काय आपल्याकडे मिळत नाही होय?"

तेव्हाची मी म्हणजे नाकावर राग आणि डोक्यात हवा. दुपारी ते झाकण उचललं आणि मोरीच्या दगडावर आपटलं. बाहेरच्या खोलीतून सासूबाईंचा आवाज आला. त्यांच्या दोन्ही डोळ्यांत मोतीबिंदू होते. "काय गो पडलं? झाकण? अगो, मघाशी मीच ते सरकवलं होतं. माझ्याच हातून कडेला गेलं असणार."

'नाही' म्हणायला कितीसा वेळ लागतो? मी गप्प बसले. त्या दिवसापासून सासूबाई स्वतःचा चहासुद्धा करायला आत आल्या नाहीत. आणि बत्तीस वर्षांची ती शहाणी, म्हणजे मीच, मैत्रिणींना सांगत फिरली, "स्वयंपाकघर आता माझ्या ताब्यात आलंय बरं का!"

सासूबाई जाऊन खूप वर्षं झाली. उरलेलं भांडं आमच्या लेकीनं, शलाकानं, आयर्लंडला एनिसमधल्या तिच्या घरी नेलं. आता आम्ही दोघंही तिथंच राहतो. भांड्यात कांदे-लसूण असतात. कोणी पाहुण्यानं त्याची स्तुती केली की हे हमखास म्हणतात, "याचं झाकण होतं. आमच्या आईच्या हातून फुटलं, बिचारीला दिसत नव्हतं." मी तेवढ्यात चहाला पळते. २०२०च्या फेब्रुवारीत मीराला शाळेची सुट्टी लागली, शलाकानं मोरोक्को ठरवलं, तेव्हा मीच साफीचं नाव काढलं. यांचा गुडघा दुखत होता, म्हणून ते घरीच राहिले. निघताना म्हणाले, "झाकण मिळालं तर बघ. आईला फार लागलं होतं ते." मी बसमध्ये बसताना ठरवलं, झाकण मिळो न मिळो, परत आल्यावर खरं सांगायचं.

माराकेशला उतरून आम्ही बस धरली. अडीच-तीन तास लाल माती, काटेरी झुडपं, मेंढ्या. मग एका चढावरून एकदम समुद्र दिसला आणि माझं बोलणंच थांबलं. शलाका म्हणाली, "आई, तू गप्प? फोटो काढते." एनिसहून अर्ध्या तासावरही हाच अटलांटिक आहे. पण तिथं तो करड्या स्वेटरातला म्हातारा वाटतो. इथं तो निळ्या जरीत उभा होता. काठावर पोर्तुगीजांनी बांधलेला किल्ला, थेट लाटांत पाय सोडून बसलेला. दगड खचलेत म्हणून आत सोडत नाहीत. आम्ही बाहेरूनच माना वर करून पाहत राहिलो. प्रत्येक लाट भिंतीवर आपटली की पायाखालची जमीन हलकेच हुंकारायची. रत्नदुर्गाच्या पायथ्याशी वाढलेली मी, तरी अंगावर काटा आला.

बंदरात निळ्या होड्या एकमेकींना खेटून उभ्या होत्या आणि टोपल्यांतून सार्डीन उतरत होते. सार्डीन म्हणजे आपली तारलीच. कोळशावर भाजून, जिरं आणि मीठ भुरभुरून, गोल पावाबरोबर कागदावरच दिली. मी आठ खाल्ल्या.

"आजी, काटे!" मीरा किंचाळली.

"काट्यांनी मला घाबरावं," मी म्हणाले.

दूर धक्क्यावर एक मोठी बोट खनिज भरत होती, पांढुरकी धूळ उडत होती. फोटो यांना पाठवला. लगेच उत्तर आलं, 'हीच ती जेटी. याच धुळीनं माझे शर्ट खराब व्हायचे.' आणि तेव्हाची मी? मला वाटायचं, नवरा देशोदेशीची मजा मारतोय!

दुसऱ्या दिवशी सकाळी कुंभारांची टेकडी. जुन्या गावाच्या तटाबाहेर उतारावर भट्ट्याच भट्ट्या, मातीच्या घुमटांसारख्या, कुठून धूर, कुठून नुसती धग. आणि जिथं नजर जाईल तिथं भांडी. पायऱ्यांवर, गच्च्यांवर, भिंतींवर वाळत घातलेली. हिरवी, पिवळी, आणि तो साफीचा निळा. तो रंग सांगायला माझ्याकडे शब्द नाही. मोरपिशी म्हणू तर मोर रुसेल. मान वर करून चालत होते आणि गुळगुळीत जमीन समजून थेट मळलेल्या मातीच्या खड्ड्यात पाय घातला. घोट्यापर्यंत! दोन माणसांनी मला ओढलं, चप्पल आतच राहिली.

"आजी, युअर मॅन इज लाफिंग ॲट यू," मीरा पुटपुटली. ('युअर मॅन' म्हणजे तो समोरचा माणूस. माझा नव्हे.)

तो समोरचा माणूस म्हणजे तिथले वयस्कर उस्ताद. पांढरी दाढी, कोपरापर्यंत माती. त्यांनी स्वतः चप्पल उपसली, धुतली आणि आम्हाला पुदिन्याचा गोड चहा दिला. मीरा शाळेत फ्रेंच शिकते, तेवढ्यावर आमचं काम चाललं. मी साडीतून भांडं काढलं.

उस्तादांनी कडेवरून अंगठा फिरवला, डोळे मिटून, जशी आपण भाकरीची कड चाचपावी. मग मान हलवली.

"ते म्हणतात, नुसतं झाकण विकत नाहीत," मीरानं सांगितलं. "भांडं आणि झाकण एकाच दिवशी, एकाच हातानं चाकावर करतात. मग एकत्रच वाळवतात. वाकडं झालं तर दोन्ही एकसारखी वाकडी होतात."

मी साडीची घडी करायला घेतली. पण ते उठले, वेताच्या काडीनं तोंड मोजलं आणि मागच्या फळ्यांवरून झाकणं आणायला लागले. जोडीदार तडकल्यामुळे एकटी उरलेली. एक बसेना. दुसरं डुगडुगलं. पाचवं आतच घसरलं. शलाका घड्याळ बघायला लागली. तेवीस झाकणं झाली. चोविसावं बसलं, पण एका बाजूनं किंचित हलत होतं.

उस्तादांनी दगडी लादीवर ओली वाळू पसरली, झाकण पालथं ठेवलं आणि हळूहळू गोल घासायला लागले. पाव फेरा, मग भांड्यावर ठेवून बघायचं. पुन्हा पाव फेरा. घासता घासता त्यांनी काहीतरी विचारलं.

मीरानं फ्रेंचमध्ये लगेच उत्तर दिलं. "पहिलं झाकण कसं फुटलं म्हणून विचारतात. मी सांगितलं, ग्रेट-ग्रँडमदरनं फोडलं."

मी चहाचा पेला खाली ठेवला. ते खोटं आता चौथ्या पिढीच्या तोंडून, परक्या भाषेत, परक्या माणसाला सांगितलं जात होतं. आणि सांगणारी किती निरागस!

"मीरा, त्यांना सांग, तसं नाही. मी फोडलं. रागानं. मुद्दाम."

"व्हॉट?"

"सांग म्हणते ना! आणि हेही सांग, की सासूबाईंना वाटलं त्यांनीच फोडलं, आणि मी तसंच वाटू दिलं."

शलाका माझ्याकडे बघत राहिली. तिच्या लहानपणी तिची आजी स्वयंपाकघराच्या दारातच का थांबायची, ते तिला बहुतेक त्या क्षणी उमगलं. "आई..." एवढंच म्हणाली आणि तोंड फिरवून समुद्राकडे बघायला लागली.

मीरानं थांबत थांबत, शब्द शोधत सांगितलं. उस्ताद हात थांबवून ऐकत होते. मग एकदम हसले, दात नसलेलं मोठं हसू.

"ते म्हणतात, माणसं रागावली नसती तर आमच्या टेकडीवर निम्म्या भट्ट्या पेटल्या नसत्या." मीरानं पुढचं ऐकून घेतलं. "आणि म्हणतात, झाकण मी देतो. बाकीचं तुम्हाला घरीच करावं लागेल."

शेवटचा पाव फेरा मलाच घासायला लावला. झाकण बसलं. ते म्हणाले, ही जोडी नाही, पण आता भांडणार नाहीत.

एनिसला परतले आणि माझी शूर जीभ पुन्हा टाळूला चिकटली. हे झाकण हातात घेऊन म्हणाले, "वा! आई असती तर..." आणि मी चहाला पळाले. उद्या सांगू, परवा सांगू, असं करत मार्च उजाडला आणि सगळं बंद झालं. सत्तरीपुढच्यांनी घराबाहेर पडायचं नाही, असा हुकूम आला. हे बहात्तर वर्षांचे. आता पळायला ना त्यांना जागा, ना मला. एका दुपारी अंगणात मटार सोलताना सांगून टाकलं, मोरीच्या दगडापासून सगळं.

ते उठले. परसातल्या लाकडी खोलीत जाऊन खिळे आकारानुसार लावत बसले. दोन दिवस. जेवणाच्या वेळी फक्त एकदा विचारलं, "आई म्हणूनच आत येत नव्हती?" मी "हो" म्हणाले. पुन्हा खिळे.

लांबच्या प्रवासात माणूस आपल्या तरुणपणाला भेटतो म्हणतात. मी भेटले. ती मूर्ख होती, सुंदर होती, आणि तिनं एका आंधळ्या बाईला स्वतःच्याच घरात पाहुणी केलं होतं. तिच्यावर हसता येतं. तिला माफ करायचं काम मात्र माझं नव्हतं.

तिसऱ्या दिवशी ताजीनमध्ये मी बटाटे, गाजर, जिरं घालून मंद आचेवर ठेवलं आणि दार उघडं टाकलं. शेजारची नोरीन कुंपणापलीकडे, ठरवून दिलेल्या अंतरावर उभी राहून ओरडली, "काय सुंदर वास येतोय! अरे, त्या भांड्याला झाकण मिळालं वाटतं? तुमच्या आईनं फोडलं होतं ना ते?"

हे खिळ्यांच्या खोलीतून बाहेर आले. माझ्याकडे बघितलं नाही.

"नाही," ते इंग्रजीत म्हणाले, खणखणीत. "आमच्या आईनं काहीच केलं नव्हतं."

"काय म्हणालात?" नोरीनला तेवढ्या अंतरावरून नीट ऐकू येईना. "मग कुणी फोडलं?"

मी हातातला डाव बाजूला ठेवला, कुंपणापाशी गेले आणि सगळ्या गल्लीला ऐकू जाईल अशा माझ्या रत्नागिरीच्या इंग्रजीत ओरडले, "मी! आय ब्रोक इट!"