काकांनी काकूंना विचारलेले अकरा प्रश्न

उभी हयात गुन्हे शोधण्यात गेली आणि निवृत्तीनंतर काकांच्या नशिबी काय आलं, तर टीव्हीवरच्या रहस्यमालिकेला सल्ला देणं! नटाने बेड्या सैल घातल्या की काका खुर्चीतून ओरडायचे, "अरे बाबा, असा चोर तर चहा पिऊन निघून जाईल!" सगळे खो खो हसायचे. काका सोडून. तरणाताठा मुलगा अपघातात गेल्यापासून त्यांना हसणं जमतच नव्हतं.

एके दिवशी नेमका तोच प्रसंग आला. मालिकेतला माजी गुप्तहेर बायकोला सांगतो, की आपला मुलगा गेला. नटाने बायकोला कवटाळून हंबरडा फोडला. दिग्दर्शिकेने विचारलं, "काका, बरोबर?"

"साफ चूक," काका बोलून गेले. "तोंडच उघडत नाही हो. मग हात सवयीचं काम करतात. मी वही काढली. हिला विचारलं, तो किती वाजता निघाला? शर्ट कुठला? घड्याळ कुठल्या हातात? मृतदेहाची ओळख पटवताना परक्यांना विचारायचो, तेच. आणि ओळख मीच पटवून आलो होतो! ही बिचारी कपडे घडी करता करता सांगत होती. अकरा प्रश्न विचारले मी. मग वही मिटली आणि सांगितलं."

"काका, असंच घेऊ या?" दिग्दर्शिका हळूच म्हणाली. काकांना नाही म्हणवेना. भीड ही भिकेची बहीण, दुसरं काय!

घरी येताना मात्र त्यांना एकदम आठवलं: काकू एक भाग चुकवत नसत. त्या दुपारबद्दल सात वर्षांत नवरा-बायको एक शब्द बोलले नव्हते. त्या प्रश्नांसाठी काकूंनी आपल्याला माफ केलेलं नाही, हे काका धरूनच चालले होते. आता तर घरचं दुःख आपणच चव्हाट्यावर मांडलं!

तो भाग लागणार होता त्या संध्याकाळी त्यांनी रिमोट लपवला. "टीव्हीला बटण असतं म्हटलं," काकू म्हणाल्या, आणि उठून लावला.

पडद्यावर वही निघाली. प्रश्न सुरू झाले. काकू हलल्या नाहीत. काका मान खाली घालून बसले.

"चुकलं गं माझं," शेवटी ते म्हणाले. "तुला काही माहीत नव्हतं, आणि मी चोराची जबानी घेतल्यासारखा..."

"माहीत नव्हतं कसं? शर्टाचं विचारलंत तेव्हाच कळलं मला. शर्ट कधी विचारतात ते तुमच्याच तोंडून ऐकलं होतं."

"मग उत्तरं कशाला देत बसलीस?"

काकूंनी पदराने डोळे पुसले.

"तुम्ही विचारत होतात तोवर कुणी सांगितलं नव्हतं ना, तो गेला म्हणून. अजून विचारायचं होतंत हो. मी रात्रभर सांगत बसले असते."