शिट्टी ऐकू आली नाही

गल्लीत तिला सगळे धाकटीच म्हणायचे. पन्नाशी उलटली, केस पांढरे झाले, गुडघे कुरकुरायला लागले, तरी नाव तेच. थोरली बहीण त्याच घरात राहायची, दोघींचीही लग्नं झालेली नव्हती, त्यामुळे भाजीवाल्यापासून पोस्टमनपर्यंत सगळ्यांनी थोरली आणि धाकटी अशी सरळ वाटणी करून टाकली होती. आईवडील लवकर गेले. थोरलीने धाकटीला वाढवलं, शिकवलं, नोकरीला लावलं आणि त्या बदल्यात तिच्यावर हुकूम चालवायचा हक्क कायमचा स्वतःकडे ठेवला. पंखा कितीवर चालवायचा, खिडकी कधी लावायची, कुठल्या साडीवर कुठला स्वेटर घालायचा, सगळं ताई ठरवायची. धाकटी तोंडातल्या तोंडात पुटपुटायची आणि ऐकायची.

आणि मग साठीला टेकलेल्या ताईचं लग्न ठरलं. दातांच्या डॉक्टरकडे बाकावर शेजारी बसायचे ते गृहस्थ. विधुर होते, जमीन मोजणीच्या खात्यातून निवृत्त झालेले. दोघांच्या कवळ्या एकाच आठवड्यात तयार झाल्या, तेव्हाच आमचं जुळलं, असं ताई नंतर हसत हसत सांगायची. त्यांचं गाव लांब होतं, गाडीने अख्खा दिवस लागायचा. धाकटीने ताईच्या बॅगा भरल्या, भावोजींसाठी शर्टाचं कापड घेतलं, स्टेशनवर जाऊन हात हलवला आणि घरी आली.

कुणी गेलं असतं तर चार माणसं येऊन बसली असती. ही तर आनंदाची गोष्ट. लोक दारातूनच अभिनंदन करून गेले. धाकटीलाही वाईट वाटून घ्यायला तोंड नव्हतं. ताईने जन्मभर तिच्यासाठी खस्ता खाल्ल्या, आता कुठे तिच्या वाट्याला सुख आलं होतं. पण संध्याकाळी घर खायला उठायचं. आता पंखा हवा तितका जोरात चालवता आला असता. तिने तो ताई ठेवायची तितकाच ठेवला. ताई दर रविवारी संध्याकाळी फोन करायची. कशी आहेस, असं विचारायची. धाकटी म्हणायची, मजेत.

नोकरी हॉस्पिटलच्या धुलाई विभागात, तळघरात. वरच्या मजल्यांवरून चादरी, उशांचे अभ्रे, डॉक्टरांचे कोट गाठोड्यांतून खाली यायचे. धाकटीचं काम कपडे मशीनमध्ये जाण्याआधी त्यांचे खिसे तपासायचं. पेनं, कात्र्या, चाव्या, अर्धवट खाल्लेली चॉकलेटं. कधी एखादी अंगठी. डोळ्यात तेल घालून तिने ते काम केलं. मशीनचा धडधडाट एवढा असायचा, की बायका एकमेकींशी हातवाऱ्यांनीच बोलायच्या. म्हणून तर धाकटी बोलायचीच बंद झाली आहे, हे कितीतरी दिवस कुणाच्या ध्यानात आलं नाही.

आलं ते मिस्त्रीच्या. बॉयलर सांभाळणारा हा माणूस वाफेची नळी दुरुस्त करायला अधूनमधून यायचा. एक दिवस जेवणाच्या सुट्टीत त्याने तिला विचारलं, रविवारी काय करता. घरचं असतं काहीबाही, असं ती म्हणाली. मग तो आपल्या मंडळाबद्दल बोलायला लागला. जमिनीतला धातू हुडकायचं मशीन असतं. तसली मशीनं घेऊन हे लोक दर महिन्याला कुठे ना कुठे जायचे. येत्या रविवारी समुद्रावर वर्षाची मोठी शोधमोहीम होती. माझं जुनं मशीन पडून आहे, या की, तो म्हणाला. चार माणसांत जरा बरं वाटेल.

धाकटी गेली ती त्या चार माणसांसाठी. बसमध्ये तिने खिडकीची जागा घेतली. शेजारी बटणांचं दुकान चालवणारी एक बाई बसली आणि लगेच झोपी गेली.

मंडळाचा सेक्रेटरी सलूनवाला होता. त्याने पहाटेच येऊन वाळूत ठिकठिकाणी ॲल्युमिनियमचे बिल्ले पुरून ठेवले होते आणि किनाऱ्याचा तेवढा भाग लाल झेंड्यांनी आखला होता. एका शिट्टीला सुरू, दुसऱ्या शिट्टीला बंद. ज्याला जास्त बिल्ले सापडतील त्याला बक्षीस. मिस्त्रीने धाकटीला मशीन समजावून सांगितलं. खालची तबकडी वाळूवरून हळूहळू फिरवायची, कानात सूर आला की थांबायचं, जाळीच्या फावड्याने उपसायचं. त्याने तिच्या कानांवर हेडफोन चढवले, स्वतःचेही चढवले, आणि शिट्टी झाली.

सगळे पांगले. प्रत्येकाचे कान झाकलेले, मान खाली, पाठ दुसऱ्याकडे. कुणी कुणाशी अवाक्षर बोलत नव्हतं. धाकटी वाळूत उभी राहून बघत राहिली. माणसांत म्हणून आले आणि हे तर आमच्या तळघरासारखंच झालं, असं तिच्या मनात आलं. पण आता आलोच आहोत म्हणून तिनेही तबकडी फिरवायला सुरुवात केली.

बाटलीचं झाकण निघालं, मग एक वाकडा खिळा, आणखी एक झाकण. आणि मग बिल्ला. ओल्या वाळूतून तो वर आला तेव्हा तिला लहान मुलासारखा आनंद झाला. तिने तो उंच धरून दाखवला. जवळच्या बटणवालीने वर पाहिलं, अंगठा दाखवला आणि परत मान खाली घातली. धाकटीने बिल्ला खिशात टाकला.

हळूहळू मात्र तिचा जीव त्यात रमला. ओहोटी होती, पाणी लांब गेलं होतं. सूर ऐकत, पायाखाली बघत ती शेवटच्या झेंड्याच्याही पुढे गेली आणि काळ्या खडकांना वळसा घालून पलीकडे उतरली. तिथे मशीन असं वाजलं, की तिने दचकून पाय मागे घेतला. फावडं घातलं तर खणकन आवाज. ती गुडघ्यांवर बसली. उपसलेल्या खड्ड्यात पाणी झिरपायचं, कडा ढासळायच्या, ती परत उपसायची. कोपरापर्यंत हात घातला तेव्हा बोटांना लोखंडी नळी लागली. खोकं असेल, जुना नांगर असेल, काय काय तिच्या मनात येऊन गेलं. घामाघूम होऊन, दम खाऊन तिने शेवटी ती वस्तू ओढून बाहेर काढली. ती खुर्ची होती. साधी घडीची लोखंडी खुर्ची, गंजलेली, बैठकीला भोक पडलेली.

धाकटी एकटीच हसली. हे कुणाला तरी दाखवायलाच हवं, म्हणून हेडफोन काढून खडकांच्या वर चढली.

किनारा रिकामा होता. झेंडे काढून नेलेले, खड्डे बुजवलेले, वाळूत फक्त पावलांच्या खुणा. दुसरी शिट्टी केव्हाच होऊन गेली होती.

मशीन खांद्यावर टाकून ती रस्त्यापर्यंत धावत गेली. बसच्या जागी तेलाचा डाग होता. चहाच्या टपरीवाल्याने सांगितलं, तुमची गाडी गेली की. तिची पर्स, फोन, डबा, सगळं सीटवरच्या पिशवीत राहिलं होतं. टपरीवाला भला माणूस होता, त्याने आपला फोन पुढे केला. धाकटीला पाठ असलेला नंबर एकच, ताईचा. आकडे दाबून झाले, आणि तिने फोन परत दिला. ताई तिथून काय करणार होती? आणि आपण काय सांगणार होतो, की चाळीस माणसांतून एकालाही आपली आठवण झाली नाही? ती बाकावर बसून राहिली. पाणी आत यायला लागलं होतं. खडकांपलीकडची खुर्ची दिसत नव्हती.

दिवस कलायला आला तेव्हा बस परत आली. बटणवालीला जाग आल्यावर शेजारी पिशवी दिसली होती, आणि पिशवीवरून माणसाची आठवण झाली होती. मिस्त्री घाईघाईने उतरला. त्याचा चेहरा एवढासा झाला होता.

"निघताना मोजलं नाही का तुम्ही?" धाकटीने विचारलं.

"मोजलं, बाई. पण सवयीने नेहमीची माणसं मोजली. ती सगळी होती."

त्याने खोटं काही सांगितलं नाही, एवढं तिला बरं वाटलं. बसमध्ये सगळे तिच्याशी फार गोड वागायला लागले. कुणी बिस्किटं दिली, कुणी खिडकी लावू का विचारलं. सलूनवाल्याने मोठ्या आवाजात विचारलं, मग काय सापडलं आज. ती म्हणाली, खुर्ची. अख्खी बस हसली. बाई विनोदी आहेत हो, कुणीतरी म्हणालं. खरंच खुर्ची होती, हे तिने सांगितलं नाही.

घरी येऊन तिने दिवा लावला, पायाची वाळू धुतली आणि भाताला आधण ठेवलं. तेवढ्यात फोन वाजला.

"कशी आहेस?" ताईने विचारलं.

मजेत, हा शब्द जिभेवर तयार होता. तो काही केल्या बाहेर येईना.

"ताई, मला इथे करमत नाही गं," ती म्हणाली. "आज सगळे मला समुद्रावर विसरून आले. आणि मला त्याचं नवल वाटलं नाही. नवलच वाटलं नाही, याचं रडू आलं."

आता ही ओरडणार, हेडफोन घालून एवढ्या लांब कशाला गेलीस म्हणणार, असं धाकटीला वाटलं.

"मला वाटलं, माझ्या तावडीतून सुटलीस एकदाची," ताई म्हणाली. "म्हणून मी मधल्या वारी फोन करत नव्हते. मनात यायचं, पण म्हटलं, लुडबूड नको."

"सुटले ना. पण सुटून जायचं कुठे?"

"इकडे येतेस?"

"नको. नोकरी आहे माझी. आणि भावोजींना तू एकटीच पुरे आहेस."

ताई हसली, मग तिने नाक पुसल्याचा आवाज आला. भात उतू जाईपर्यंत दोघी फोनवर होत्या. बोलणं असं फारसं झालं नाही.

ताई परत आली नाही आणि धाकटीही तिकडे गेली नाही. फोन मात्र मधल्या वारीही यायला लागला, कधी नुसतं कुकरमध्ये काय आहे एवढं विचारायला. ठेवला की घर पुन्हा होतं तसं व्हायचं. त्याला काही इलाज नव्हता, आणि धाकटीने तो शोधलाही नाही.

पुढच्या महिन्यात ती मंडळाबरोबर पुन्हा गेली. मिस्त्रीने बसच्या दारात उभं राहून मोठ्याने मोजायला सुरुवात केली, तीही तिच्यापासून. सगळ्यांच्या नजरा वळल्या, तिला संकोच वाटला. या वेळी माळरान होतं. शिट्टी झाली, कान झाकले गेले, पाठी वळल्या, जो तो आपापल्या वाटेने निघाला. धाकटीने हेडफोन घातले आणि जरा पुढे गेल्यावर एका कानावरून बाजूला सरकवले. अशाने बारीक सूर निसटून जातात, हे तिला माहीत होतं. त्या दिवशी तिला काही सापडलंही नाही. पण वारा ऐकू येत होता, आणि लांबवर कुठेतरी सलूनवाला खोकत होता.